आरसा, फेरा आणि चौक

बोईसरला कोणाचा पत्ता विचारला, तर गल्लीचे वा इमारतीचे नाव पुढे येण्याआधी पहिला प्रश्न उलट आपणांसच विचारला जातो : पूर्वेला की पश्चिमेला? पश्चिम रेल्वेचे रूळ या गावाच्या मधून दक्षिणोत्तर गेले असल्यामुळे गावाचे दोन भाग पडले आहेत, आणि रुळांच्या कोणत्या अंगाला आपण उभे आहोत याचा निर्णय लागल्याशिवाय तेथे एकही पत्ता पुरा होत नाही. पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड अशी स्थानके ज्या रेषेवर मण्यांसारखी ओवली आहेत, ती रेषा थोडी तिरकी असली तरी आपल्या कामापुरती सरळ मानावयास हरकत नाही. आणि ती तशी मानली, की भूमितीच्या पाठ्यपुस्तकात जिला 'य-अक्ष' म्हणतात ती वस्तू पालघर जिल्ह्यातील लोकांनी पाठ्यपुस्तक न उघडताच नित्याच्या व्यवहारात आणली आहे असे दिसून येते.

आता बोईसर स्थानकातून या रेषेवर एक काटकोनातली रेषा काढावी, पश्चिमेस तारापूरच्या समुद्राकडे आणि पूर्वेस टेकड्यांकडे जाणारी, म्हणजे 'क्ष-अक्ष' सिद्ध झाला. स्थानक हा आरंभबिंदू. पूर्वेकडील अंतर धन, पश्चिमेकडील ऋण. उत्तरेकडील धन, दक्षिणेकडील ऋण. एकक एक किलोमीटर. रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितिग्रंथात बिंदूला संख्यांनी संबोधण्याची जी युक्ती मांडली, तिचे हे आजचे सुटसुटीत रूप होय. (देकार्तच्या ग्रंथात आजच्यासारखे दोन रेखीव अक्ष व त्यांचे चार चरण आढळत नाहीत, ही घडी पुढच्या पिढ्यांनी बसविली, परंतु मूळ कल्पना त्याची व त्याचाच समकालीन फेर्मा याची.) या हिशेबाने पालघर स्थानक (०, −११) येथे येते आणि तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुमारे (−१०, ३) येथे, म्हणजे दुसऱ्या चरणात. अंतरे पूर्णांकात घेतली आहेत. जमीनजुमल्याचा दावा या आकड्यांवर कोणी लढवू नये.

या प्रतलावरील आकृतींस न मोडता, न ताणता हलविण्याचे प्रकार फार थोडे आहेत, आणि त्यांपैकी दोहोंचा विचार या प्रकरणी करावयाचा आहे : परावर्तन आणि परिभ्रमण. रुळांच्या रेषेवर एक उंच आरसा उभा केला आहे अशी कल्पना करावी. तारापूरचे केंद्र त्या आरशात जेथे दिसेल ते स्थळ रुळांपासून तितकेच दूर, पण पूर्वेस असेल. उत्तरेकडचे अंतर जसेच्या तसे राहील. (−१०, ३) याचे (१०, ३) झाले, आणि समुद्रकाठची वास्तू महामार्गाच्या अलीकडच्या टेकड्यांत जाऊन बसली. य-अक्षातील परावर्तनाने पहिल्या निर्देशकाचे चिन्ह बदलते, दुसऱ्याचे नाही. क्ष-अक्षात परावर्तन केले तर याच्या उलट : पहिला निर्देशक तसाच, दुसऱ्याचे चिन्ह फिरले. तिसरा एक आरसा असा आहे की जो नवख्यांस चकवितो, आणि तो म्हणजे दोन्ही अक्षांच्या बरोबर मधून, ४५ अंशांनी जाणारा, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे रोखलेला. त्यात चिन्हे बदलत नाहीत, निर्देशकांची अदलाबदल होते : (४, ३) चे (३, ४) होते. आणि बिंदू आरशावरच असेल तर तो हलतच नाही. पालघर रुळांवर असल्याने रुळांच्या आरशात ते स्वस्थानी राहते. परावर्तनात अचल राहणाऱ्या बिंदूंची अशी एक अख्खी रेषा असते, हे ध्यानात ठेवावे.

परावर्तनाने लांबी बदलत नाही, कोन बदलत नाही, क्षेत्रफळ बदलत नाही. मग बदलते तरी काय? याचे उत्तर ग्रंथांपेक्षा महसूल खात्याच्या जुन्या दप्तरांत अधिक ठसठशीतपणे सापडते. मुंबई इलाख्यातील जमिनीची मोजणी ज्या साखळीने झाली ती ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणि त्या भागांस 'आणे' म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशा चौरसास एक गुंठा, आणि अशा ४० गुंठ्यांचा एक एकर. शेत मोजताना मोजणीदार प्रथम एक सरळ पायारेषा धरून साखळी टाकीत पुढे जाई, आणि बांधाचे कोपरे जसजसे शेजारी येत तसतसे पायारेषेवरून त्यांच्यापर्यंतचे लंब मोजून 'डावीकडे इतके, उजवीकडे इतके' असे वहीत टिपून घेई. पायारेषेवरील अंतर हा एक निर्देशक, लंब हा दुसरा. खुंटावर बसविलेल्या साध्या काटकोनी शंकूच्या आधाराने मोजणीदार देकार्तचेच काम करीत होता. आता समजा, वहीची नक्कल उतरविताना एखाद्या कारकुनाने डावीकडचे सर्व आकडे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे लिहिले. क्षेत्र काढले तर आणा-गुंठ्याचाही फरक पडणार नाही, आकारबंद जुळेल, सारा तितकाच बसेल, आणि साहेबाच्या सहीपर्यंत कागद निर्वेधपणे जाईल. परंतु तो नकाशा घेऊन जागेवर गेल्यास शेताची हद्द शेजाऱ्याच्या विहिरीतून गेलेली दिसेल, आणि नकाशा कितीही फिरवून, सरकवून पाहिला तरी जमिनीशी बसणार नाही. मूळ शेताचे कोपरे अ, ब, क, ड या क्रमाने फिरत गेलो असता जर प्रदक्षिणा घडत असेल, तर उलट्या नकाशात त्याच क्रमाने फिरताना अप्रदक्षिणा घडते. आरसा आकृतीचा हा फिरण्याचा क्रम तेवढा पालटतो. उजव्या हाताचा पंजा डाव्या हाताच्या मोज्यात जात नाही याचे कारण हेच.

परिभ्रमणाचा स्वभाव निराळा. येथे आरसा नाही, एक खुंटी आहे, आणि सारे प्रतल त्या खुंटीभोवती विशिष्ट कोनातून फिरते. अचल राहतो तो एकच बिंदू, खुंटीचा. फिरण्याची दिशा सांगितल्याविना परिभ्रमण पुरे होत नाही; आणि या बाबतीत गणितज्ञांनी आपल्या देवळांतल्या रिवाजाच्या अगदी विरुद्ध संकेत पाडला आहे, कारण देवास उजव्या हाताशी ठेवून जी प्रदक्षिणा आपण घालतो ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेची, आणि गणितात धन मानली जाते ती नेमकी तिच्या उलट. पूर्वेकडून उत्तरेकडे वळणे हे धन, असे लक्षात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही.

बोईसर स्थानकाभोवती पाव फेरा, म्हणजे ९० अंशांचा धन फेरा घेतला, तर (४, ३) हा बिंदू कोठे जाईल? बीजगणिताचा आधार न घेताही हे पाहता येते. स्थानकापासून तेथवर जाण्यास ४ किलोमीटर पूर्वेस आणि ३ किलोमीटर उत्तरेस जावे लागते. प्रतल पाव फेरा वळले म्हणजे जी पूर्व होती ती उत्तर झाली आणि जी उत्तर होती ती पश्चिम झाली. म्हणून पूर्वीचे ४ पूर्वेचे आता ४ उत्तरेचे झाले, पूर्वीचे ३ उत्तरेचे आता ३ पश्चिमेचे. बिंदू (−३, ४) वर येऊन ठेपला. नियम असा : निर्देशकांची अदलाबदल करावी आणि मग नव्या पहिल्याचे चिन्ह बदलावे. आणखी एक पाव फेरा घेतला की (−४, −३), आणखी एक, (३, −४), आणि चौथ्यास पुन्हा (४, ३). अर्ध्या फेऱ्यात दोन्ही निर्देशकांची चिन्हे पालटतात इतकेच. पालघरला स्थानकाभोवती अर्धा फेरा दिला तर (०, ११), वाणगाव ओलांडून थोडे पुढे. प्रदक्षिणेच्या दिशेने पावच फेरा दिला तर (−११, ०), म्हणजे जिल्ह्याचे मुख्यालय थेट समुद्रकिनाऱ्यालगत येऊन पडेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा स्थापन झाला, तेव्हा मुख्यालय कोठे असावे यावर वाद पुष्कळ झाले. सुदैवाने हा पर्याय कोणाच्या डोक्यात आला नाही.

वर (४, ३) चे (−३, ४) करताना आपण दोन गोष्टी केल्या : अदलाबदल आणि चिन्हबदल. अदलाबदल हे तिरक्या आरशातील परावर्तन; पहिल्या निर्देशकाचे चिन्ह बदलणे हे य-अक्षाच्या आरशातील. याचा अर्थ, दोन आरशांत लागोपाठ पाहिले असता जे निपजते ते परावर्तन नसून परिभ्रमण असते! एका आरशाने फिरण्याचा क्रम पालटला, दुसऱ्याने तो पुन्हा सुलटा केला, आणि शिल्लक राहिला फेरा. त्या दोन आरशांमधील कोन ४५ अंशांचा, फेरा ९० अंशांचा. आणि हे काही योगायोगाने घडलेले नव्हे, आरशांमधला कोन कोणताही असो, फेरा त्याच्या दुपटीचाच होतो. आरसे समांतर असतील तर फेरा न होता आकृती नुसती सरकते. परंतु क्रम महत्त्वाचा. आधी रुळांच्या आरशात आणि मग तिरक्यात पाहिले, तर (४, ३) चे प्रथम (−४, ३) आणि नंतर (३, −४) होते, म्हणजे पाव फेराच, पण प्रदक्षिणेच्या दिशेचा. संख्यांच्या गुणाकारात २ गुणिले ३ आणि ३ गुणिले २ यांत भेद नसतो, ही आपली लहानपणापासूनची समजूत येथे प्रथमच ठेचाळते. पुढे तर असेही सिद्ध करता येते, की प्रतलावरील कोणतीही आकृती न मोडता कोठेही, कशीही नेऊन ठेवायची असेल तर जास्तीत जास्त तीन आरसे पुरतात. फेरा, सरकणे, हे सारे त्या आरशांचेच व्यापार.

इतकी सामग्री हाताशी घेऊन आता रुळांच्या पूर्वेस, टेकड्यांतील पाड्यांकडे जाऊ. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, पालघर या तालुक्यांत वारली समाजाची वस्ती आहे, आणि त्यांच्या घराच्या कुडावर, शेण व गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने व बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने जी चित्रे लिहिली जातात ती आज जगभर ठाऊक झाली आहेत. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्यांचे लक्ष त्यांकडे गेले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरचे हे चित्र कागदावर व कापडावर आणून स्वतंत्र प्रतिभेने वाढविले, त्यांस २०११ साली 'पद्मश्री' मिळाली आणि २०१८ साली त्यांचे देहावसान झाले. परंतु मशे यांच्या आधी, आणि मशे यांच्याही घरात, ही विद्या होती ती सुवासिनींची. लग्नाचा चौक त्यांनीच लिहावयाचा, आणि चौक लिहिल्याखेरीज व लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हटल्याखेरीज वारल्याचे लग्न लागत नाही, असा दंडक. या चित्रांना भूमितीची चित्रे म्हणण्याची एक चाल पडली आहे, आणि ती मला फारशी आवडत नाही, कारण तीत 'वर्तुळ, त्रिकोण, चौकोन' एवढे म्हणून विषय संपविला जातो. खरी भूमिती त्या आकारांत नाही. एका आकाराचा दुसऱ्याशी जो संबंध लावला आहे त्यात ती आहे.

वारली चित्रातील माणूस घ्या. टोकाशी टोक भिडलेले दोन त्रिकोण : वरचा टोक खाली करून, तो छातीचा, खालचा टोक वर करून, तो कमरेचा. दोन्ही टोके जेथे भिडतात तेथे आरंभबिंदू धरू. वरच्या त्रिकोणाचे शिरोबिंदू (०, ०), (−३, ४) आणि (३, ४) असे घेतले, तर खांदे ६ एककांचे आणि दोन्ही बाजू प्रत्येकी ५ च्या. खालचा त्रिकोण याच मापाचा हवा असेल, तर तो वरच्यापासून दोन रीतींनी मिळविता येतो. क्ष-अक्षात परावर्तन करावे : (−३, −४) आणि (३, −४). किंवा कमरेच्या बिंदूभोवती अर्धा फेरा द्यावा : (३, −४) आणि (−३, −४). दोन्ही रीतींनी त्रिकोण तोच आला, कोपऱ्यांची तेवढी अदलाबदल झाली. ताठ उभ्या माणसाकडे पाहून तो आरशातून जन्मला की फेऱ्यातून, हे सांगता येणार नाही.

पण वारली चित्रातला माणूस ताठ उभा क्वचितच असतो. तो नाचतो, लावणी करतो, ओझे वाहतो, ताडावर चढतो. म्हणून वरचा त्रिकोण थोडा उजवीकडे कलता करू : (०, ०), (०, ५), (४, ३). याच्याही दोन्ही बाजू ५ च्याच आहेत, परंतु खांद्यांचा मध्य आता (२, ४) येथे, उजवीकडे झुकलेला. याचे क्ष-अक्षात परावर्तन केले तर खालच्या त्रिकोणाचे कोपरे (०, −५) आणि (४, −३), पायाचा मध्य (२, −४). छाती उजवीकडे, पायही उजवीकडे, आणि कंबर मागे राहिलेली : शरीर कमरेत मोडले. चिखलात ओणवून भाताची रोपे लावणाऱ्या बाईची हीच आकृती. उलट, अर्धा फेरा दिला तर कोपरे (०, −५) आणि (−४, −३), मध्य (−२, −४). आता (२, ४), (०, ०) आणि (−२, −४) हे तिन्ही बिंदू एकाच सरळ रेषेवर आले. शरीर झुकलेले, पण पाठकणा सरळ. हा धावणारा, झेप घेणारा, नाचात पुढे सरसावलेला माणूस. ज्या हाताने काडी धरली आहे त्याला निर्देशकांचा गंध नसतो, मापेही अशी काटेकोर नसतात, हे उघड आहे. तथापि मोडलेले शरीर आणि झुकलेले शरीर यांतला भेद दोन त्रिकोणांच्या नुसत्या ठेवणीवरून उत्पन्न करावयाचा, आणि डोळे-नाक-भाव यांची मदत घ्यावयाची नाही, हे जे कसब आहे त्याचे मर्म परावर्तन आणि अर्धा फेरा यांच्या फरकात आहे, हे त्या चित्रांसमोर थोडा वेळ उभे राहिल्यास कोणालाही पटेल.

आता लग्नाचा चौक. भिंतीवर मोठा चौरस, त्याच्या चारी बाजूंस एकात एक अशा नक्षीच्या पट्ट्या, मध्ये पालघाट देवी. केवळ बाहेरची चौकट पाहिली, हाताने काढताना येणारे उणे-अधिक सोडून दिले, आणि मध्यावर आरंभबिंदू ठेवला, तर ती चौकट किती प्रकारांनी हलवून पुन्हा स्वतःवर बसविता येईल? पाव, अर्धा, पाऊण आणि शून्य असे चार फेरे. दोन अक्षांचे आणि दोन कर्णांचे असे चार आरसे. एकूण आठ. ('शून्य फेरा' मोजण्याचे कारण नाही असे वाटेल, परंतु कोणत्याही दोन क्रिया लागोपाठ केल्या असता याच आठांतील एखादी मिळावी, ही अट पाळावयाची तर त्यालाही घ्यावेच लागते.) मग सुवासिनी मध्ये देवी लिहितात. देवीला वर आणि खाली आहे; चौकट पाव फेरा वळविली तर देवी आडवी होते. चारांपैकी तीन फेरे गेले, चारांपैकी तीन आरसे गेले. उरला शून्य फेरा आणि तिच्या मस्तकातून उभा जाणारा एक आरसा, कारण डावी-उजवी बाजू तिला बहुधा सारखीच असते. आठांचे दोन झाले. यानंतर एका अंगाला सूर्य येतो, दुसऱ्या अंगाला चंद्र. कोठे फणी येते, कोठे शिडी, झाडे, घोडा. सूर्य आणि चंद्र एकमेकांच्या समोर, आरशातल्यासारख्या जागी असतात, आणि तरीही एक दुसऱ्याचे प्रतिबिंब नसतो. उभा आरसाही गेला. दोनांचा एक उरला, आणि तो एक म्हणजे काहीच न करणे.

सममिती हेच सौंदर्य, असे लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी हा चौक नीट पाहिलेला नाही असे मला म्हणावेसे वाटते. येथे सममिती पायरीपायरीने खर्ची पडते, आणि ज्या ज्या पायरीला ती खर्ची पडते त्या त्या पायरीला चित्रात कोणीतरी येते. आधी देवी, मग दिवस-रात्र, मग घरसंसार. आठही सममिती शाबूत असलेला चौक हा रिकामा चौक होय.

कडेच्या पट्ट्यांचे गणित निराळे, कारण तेथे आकृती एकाच दिशेने पुनःपुन्हा सरकत जाते. त्रिकोणांची ओळ, उलटसुलट त्रिकोणांची ओळ, साखळी, नागमोडी रेघ असे प्रकार आलटून पालटून येतात. सरकणे, आडवा आरसा, उभा आरसा, अर्धा फेरा, आणि सरकता सरकता परावर्तन, इतक्या हत्यारांनी अशा लांबट पट्टीच्या किती भिन्न जाती होऊ शकतील, याचे उत्तर ठरून गेलेले आहे : सात. आठवी जात कोणत्याही देशातल्या कोणत्याही कारागिराला साधलेली नाही आणि साधणारही नाही, मग ती पैठणीच्या काठावर असो की चौकाच्या कडेवर. उलटसुलट त्रिकोणांची साधी नागमोड घेतली तर तिच्या प्रत्येक टोकातून उभा आरसा जातो, आणि प्रत्येक तिरक्या रेघेच्या मध्यावर खुंटी ठोकून अर्धा फेरा देता येतो. इतकी श्रीमंत सममिती इतक्या स्वस्त रेघेत असते.

रुळांच्या पश्चिमेस सममितीला अगदी वेगळा मान आहे. तारापूरचे केंद्र हे भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या, आणि त्या १९६९ च्या ऑक्टोबरात व्यापारी वीजनिर्मितीस लागल्या. अशा भट्टीच्या गाभ्यात इंधनाच्या चौकोनी जुड्या उभ्या बसविलेल्या असतात. तारापूरच्या या भट्ट्यांत जुड्या २८४, प्रत्येक जुडीत ६ गुणिले ६ अशा मांडणीत नळ्या. आणि जुड्यांच्या मधल्या फटींतून खालून वर सरकणारे, अधिकचिन्हाच्या आकाराचे नियंत्रक दांडे ६९. वरून पाहिले तर हे सारे चौकटीच्या कागदावर मांडल्यासारखे दिसते, आणि मध्यावर आरंभबिंदू ठेवून पाव फेरा दिला तर मांडणी पुन्हा स्वतःवर बसते. आकडेच याची साक्ष देतात. कोणतीही जुडी घ्या. पाव-पाव फेऱ्याने ती आणखी तीन जागी जाते, म्हणून जुड्यांचे चारचारचे गट पडतात, आणि २८४ म्हणजे ४ गुणिले ७१. बरोबर मध्यावर मात्र जुडी नाही, फट आहे. दांड्यांचेही चारचारचे गट पडतात, पण ६९ ला चाराने भाग जात नाही. १७ गट होऊन एक दांडा उरतो. तो आरंभबिंदूवरचा. अधिकचिन्ह पाव फेऱ्यात स्वतःवरच बसते, म्हणून त्याला एकट्याने तेथे राहण्यास भूमितीची आडकाठी नाही. ६९ ऐवजी ७० दांडे असते तर अशी मांडणी शक्यच झाली नसती.

या काटेकोरपणाचे कारण शोभा नव्हे. गाभ्याच्या प्रत्येक ठिकाणी न्यूट्रॉन किती, उष्णता किती, इंधन किती जळाले, याची आकडेमोड अवाढव्य असते. मांडणी चारही चरणांत सारखी ठेवली तर एका चरणाचे गणित करून उरलेल्या तिहींचे उत्तर फेऱ्याने मिळते. शिवाय उष्णता एका अंगाला साचू नये हाही हेतू सफल होतो. एकेका जुडीकडे जवळून पाहिले तर पुन्हा चित्र पालटते. तिच्या दोन बाजूंस नियंत्रक दांड्याची रुंद फट, दोन बाजूंस अरुंद. त्यामुळे चौरसाच्या आठ सममितींपैकी शून्य फेऱ्याखेरीज जुडीला उरतो तो फक्त कर्णावरचा आरसा, ज्यात निर्देशकांची अदलाबदल होते तो. शाळेत 'याचा उपयोग काय?' असे विद्यार्थी ज्या परावर्तनाबद्दल हमखास विचारतात ते हेच, आणि बोईसरच्या शाळेतील शिक्षकास याचे उत्तर द्यावयास दहा किलोमीटरांपलीकडे बोट दाखवावे लागत नाही. पुढे २००५ साली येथे चौथी व २००६ साली तिसरी भट्टी सुरू झाली, आणि त्या विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठवून दुसरीकडे वसविण्यात आली. प्रतलावरची आकृती सरकवली तर तिच्या लांब्या, कोन, क्षेत्र सारे कायम राहते. गावाचे तसे नसते. समुद्रापासूनचे अंतर बदलले की मच्छीमाराचे सगळेच बदलते. भूमितीच्या कोणत्याही नियमाने ही नुकसानी मोजता येत नाही, आणि येथे तो विषयही नव्हे.

वारल्यांच्या तारप्याचा नाच अद्याप राहिला. वाळक्या भोपळ्यास बांबूच्या नळ्या आणि ताडपत्राचा कर्णा जोडून केलेले हे वाद्य वाजविणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती एकमेकांस धरून वळसे घेणारी माणसांची रांग. नाचणारे वाजविणाऱ्याकडे पाठ करीत नाहीत. तो जसा वळेल तशी रांग वळते, आणि सूर पालटला की फिरण्याची दिशाही पालटते. चित्रात ही रांग मळसूत्रासारखी आत आत गुंडाळत गेलेली दाखवितात. वर्तुळ असते तर त्याला कोणत्याही कोनातून फिरवा, मध्यातून जाणाऱ्या कोणत्याही आरशात पाहा, ते तेच राहिले असते. गुंडाळीला ही चैन नाही. तिला बाहेरचे टोक आहे, म्हणून पुरा फेरा दिल्याखेरीज ती स्वतःवर बसत नाही. आणि आरशात पाहिली तर बाहेरून आत येताना जी प्रदक्षिणेने वळत होती ती अप्रदक्षिणेने वळू लागते. उलट्या मोजणी-नकाशाप्रमाणेच ही प्रतिमाही फिरवून वा सरकवून मूळ गुंडाळीवर कधीच बसविता येत नाही.

यावरून छापखान्यातील एक जुनी अडचण आठवते. पूर्वी चित्रांचे ठसे काचेच्या वा फिल्मच्या प्रतीवरून करीत, आणि ती प्रत पालथी पडली तर पुस्तकात चित्राचे परावर्तन छापले जाई. तारप्याच्या नाचाचे चित्र असे उलटे छापले गेले, तर ते कळावे कसे? माणसांवरून कळत नाही, कारण ताठ माणूस आरशात तसाच दिसतो आणि उजवीकडे झुकलेला डावीकडे झुकला तरी नाचणाराच राहतो. गुंडाळीच्या दिशेवरून कळेल म्हणावे, तर नाच दोन्ही दिशांनी होतो, म्हणून दोन्ही गुंडाळ्या खऱ्या. झाडे, कोंबड्या, टेकड्या यांपैकी कोणाचीच साक्ष उपयोगी नाही. चित्रकाराने कोपऱ्यात देवनागरीत सही केली असेल आणि ती उजवीकडून डावीकडे वाचावी लागत असेल, तर मात्र मुद्रकाने ठसा पालटून घ्यावा.